लेकींचे रंग

नवीन जालन्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानांच्या रांगेत श्रेणिकचं माशांचं दुकान होतं. खाण्याच्या नव्हे, काचेच्या टाकीत ठेवायच्या माशांचं. घरचा धंदा कापडाचा, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचा. तो थोरल्या भावानं सांभाळला आणि श्रेणिकनं अठ्ठाविसाव्या वर्षी हे खूळ काढलं. जैनांच्या घरातला मुलगा जिवंत जीव विकणार म्हणून आई तारादेवींनी चार दिवस अबोला धरला होता. शेवटी, तुझ्या हेळसांडीनं एकही मासा मरता कामा नये, एवढं कबूल करून घेऊन त्या गप्प बसल्या. श्रेणिक तो शब्द पाळत होता. निदान पाळतो असं त्याला वाटत होतं.

उषाबाई त्याच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या आष्टीहून. गावातून परतूरपर्यंत जीप, तिथून रेल्वे, आणि सगळा वेळ मांडीवर पाण्याची बरणी. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला कमी. घरी तीन एकर कपाशी, थोडी मोसंबी. नवरा भुजंग शेत बघायचा. गावात डेंग्यूची साथ आली तेव्हा आरोग्य खात्याच्या माणसानं डास मारायला हौदात सोडा म्हणून पिशवीभर गप्पी मासे दिले होते. बाकीच्यांनी ते हौदात टाकले आणि विसरले. उषाबाई रोज सकाळी हौदाच्या काठावर बसून ते बघत राहिल्या. वर्षभरात त्यांनी मोसंबीच्या सावलीत सिमेंटच्या नऊ टाक्या बांधून घेतल्या आणि चांगल्या अंगाचे मासे निवडून निवडून वेगळे केले.

बरणीतले मासे दिसायला साधेच होते. नरांच्या अंगावर केशरी ठिपका, शेपटीला जराशी झाक, माद्या तर नुसत्या राखाडी. पण श्रेणिकनं घेतलेल्या चाळिसांतला एकही मेला नाही. दूरच्या शहरांतून येणारे मासे जालन्याच्या जड पाण्यात चार दिवसांत मान टाकायचे. हे मासे त्याच पाण्यात जन्मलेले. तेव्हापासून दर पंधरवड्याला उषाबाईंची बरणी दुकानात येऊ लागली.

दिवाळीच्या तोंडावर एका घाऊक व्यापाऱ्याकडून श्रेणिकला नवा माल आला. तेही गप्पीच होते, पण पेटी उघडल्यावर तो बघतच राहिला. सगळे एका मापाचे, नाजूक, लहानखुरे, आणि प्रत्येकाच्या अंगावर असा लाल-निळा रंग की टाकीत दिवा लावायची गरज पडू नये. चार दिवसांत निम्मे मासे संपले. उषाबाई आल्या, टाकीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आपल्या माशांच्या बदल्यात त्यातले बारा नर मागून घेऊन गेल्या. असा रंग आपल्या माद्यांच्या पिलांत उतरला तर बघावं, असा त्यांचा विचार होता.

महिना झाला आणि गिऱ्हाइकं परत यायला लागली. कुणाच्या माशांचा लाल रंग विटला होता, कुणाचे निळे पट्टे नाहीसे झाले होते. एका बँकेतल्या साहेबांनी तर मासे धुतले गेले की काय असं विचारलं. श्रेणिकनं कुणाला पाणी बदलायला सांगितलं, कुणाला खाद्य. त्याचा स्वतःचा त्या सांगण्यावर विश्वास होता.

संक्रांत होऊन गेली त्या आठवड्यात उषाबाई दुकानात आल्या. बरणी त्यांनी नेहमीसारखी खाली ठेवली नाही, सरळ काउंटरवर ठेवली.

"शेठ," त्या म्हणाल्या, "तुमचा नर बाळंत झाला."

श्रेणिक हसला. मग त्यानं बरणीत वाकून पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. आत एक मासा होता. शेपटीच्या टोकाला विटका लाल रंग अजून चिकटलेला, म्हणजे दिवाळीच्या मालातलाच. आणि खालच्या हिरव्या गवतात डोळे तेवढे दिसावेत अशी अकरा पिल्लं.

उषाबाईंनी झालं ते क्रमानं सांगितलं. बारा जणांना बारा टबांत ठेवलं, प्रत्येकापाशी माझी एक कोरी, नरापाशी कधी न ठेवलेली मादी दिली. दीड महिन्यात कुठंच पिल्लू नाही. मग एकेक जण हातात धरून बघितला. बारांतल्या सात जणांच्या पोटामागं काळसर डाग दिसायला लागला होता, जो मादीलाच असतो. रंग रोज उतरत होता. आणि अजून एक, दुकानातून नेले तेव्हा ते सगळे बोटाच्या पेराएवढे होते, माझ्या खाण्यावर सहा आठवड्यांत दीडपट झाले. त्या सातांना त्यांनी एकेकटं ठेवलं. काल सकाळी त्यांतल्या एकीनं पिल्लं घातली.

"वाढ कुणीतरी दाबून ठेवल्ती," त्या म्हणाल्या. "ती मोकळी झाली. आन रंग कुणीतरी चढवल्ता, तो उतरला. हे काय हाये ते मला समजून घ्यायचंय."

श्रेणिकला ते सांगता येत नव्हतं. पण कुणाला विचारावं हे त्याला ठाऊक होतं. त्याची चुलत बहीण कनिका उदगीरला मत्स्यशास्त्र शिकत होती. घरात या शिक्षणावरूनही बरंच बोलणं झालं होतं, पण ती सगळ्यांना पुरून उरली होती. रविवारी ती जालन्याला आली. उषाबाई आदल्याच गाडीनं येऊन दुकानाच्या मागच्या खोलीत बसल्या होत्या.

कनिकानं बरणीतला मासा पाहिला आणि लगेच ओळखलं. नराच्या अंगात आपोआप तयार होतं तसं हार्मोन कारखान्यातही बनवतात, तिनं सांगितलं. ती पावडर स्पिरिटात विरघळवून खाद्यावर फवारायची, वाळवायची आणि पिल्लांना द्यायची. खाण्याच्या काही माशांत त्यानं सगळी पिल्लं नर निघतात, आणि नर लवकर वाढतात म्हणून तिथं त्याचा उपयोग करतात. गप्पीला दिलं तर मादीसुद्धा नरासारखी रंगते. फक्त मात्रा जास्त झाली की वाढ खुंटते, नर असला तर वांझ होतो. व्यापाऱ्याला त्याचं काय, मासा विकेपर्यंत चमकला म्हणजे झालं. औषध बंद झालं की मादी पुन्हा मादी होते. आणि नराचं बीज मादी कितीतरी दिवस पोटात सांभाळून ठेवते, म्हणून ही एकटी असूनही व्याली.

उषाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते औषध लाल असतं का निळं?"

"पांढरं असतं मावशी. त्याला स्वतःचा रंग नाही."

"मंग रंग आला कुठून?"

"माशाच्या आतूनच. आईबापाकडून आलेला असतो. मादीत तो दिसत नाही, कारण बाहेर काढणारं हार्मोन तिच्यात पुरेसं नसतं."

उषाबाई बरणीकडे बघत राहिल्या. पुढं जे झालं ते श्रेणिकनं नंतर अनेकांना सांगितलं, आणि दर वेळी त्याला वाटायचं की आपल्याला ते नीट सांगता येत नाही. कारण दिसायला काहीच झालं नव्हतं. एक बाई पाटावर बसून विचार करत होती, एवढंच.

"म्हंजे माझ्या राखाडी मासोळ्यांत बी रंग हाये," त्या सावकाश म्हणाल्या. "नुसता दिसत न्हाई. आन लेकाला जो रंग येतो त्यात आईचा हा न दिसणारा बी येतो. बराबर?"

"बरोबर," कनिका म्हणाली.

"मंग हे औषध विकायच्या माशाला कशाला द्यायचं? बघायला द्यावं."

मग त्यांनीच समजावून सांगितलं. एका आईच्या दहा लेकी घ्यायच्या. भावांपासून आधीच वेगळ्या केलेल्या, कोऱ्या. त्यांतल्या चारींना औषध द्यायचं. त्यांच्या अंगावर जे उमटेल ते त्या घराण्यात दडलेलं आहे असं समजायचं. त्या चार बघण्यापुरत्या. पैदास करायची ती त्यांच्या बाकीच्या सहा बहिणींपासून, ज्यांनी औषधाला तोंड लावलेलं नाही.

उषाबाईंनी वयाच्या सोळाव्या वर्षापासून तीस वर्षं कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटांत क्रॉसिंगचं काम केलं होतं. कळी उमलायच्या आत तिचे पुंकेसर नखानं काढायचे, दुसऱ्या सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून तिच्यावर फिरवायचं, खूण म्हणून दोरा बांधायचा. दिवसाला शेकडो कळ्या. कोणत्या आईला कोणता बाप दिला की बोंड कसं येतं हे बियाणं कंपनीच्या साहेबांइतकंच त्यांना कळत होतं, फक्त त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

कनिकानं वही मिटली. "भैया," ती श्रेणिकला म्हणाली, "बाहेरच्या देशांत काही जाणकार हे करतात. मी पुस्तकात वाचलंय. पण मला ते वाचूनही दोनदा समजून घ्यावं लागलं होतं."

त्या खोलीतच तिघांनी ठरवलं. कनिका तिच्या सरांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली मात्रा मोजून तयार केलेलं खाद्य आणणार. औषधाला उषाबाईंनी हात लावायचा नाही, नराचं हार्मोन म्हणून बाईमाणसानं तर नाहीच, असं तिनं निक्षून सांगितलं. औषधाचे मासे आष्टीला नको, दुकानाच्या मागच्या खोलीतच ठेवायचे, रोजचं खाद्य श्रेणिकनं हातमोजे घालून टाकायचं आणि त्यांचं पाणी गटारात न सोडता कोळशाच्या पिंपातून गाळून बंद खड्ड्यात जिरवायचं. तिच्या अटी उषाबाईंनी एकेक करून पुन्हा म्हणून दाखवल्या.

त्यांनी सहा आया निवडल्या होत्या. सहाजणींना त्यांची नावं होती. बुटकी, लांबट, घारी, पोटाळी, वाकडी आणि शांता. शांता हे नाव का, असं श्रेणिकनं विचारलं तर म्हणाल्या, ती शांत आहे म्हणून. दोन महिन्यांत त्यांच्या लेकी तयार झाल्या आणि मार्चच्या अखेरीस प्रत्येकीच्या चार अशा चोवीस राखाडी मासोळ्या मागच्या खोलीतल्या सहा भांड्यांत आल्या. भांड्यांवर कनिकानं नावांच्या चिठ्ठ्या लावल्या.

पहिले आठ दिवस काहीच दिसलं नाही. नवव्या दिवशी बुटकीच्या एका लेकीच्या शेपटीवर पिवळा ठिपका उमटला. त्या रविवारी कनिका आली तेव्हा तिनं बुटकी आणि घारी यांच्या भांड्यांचे फोटो काढले. बाकीच्यांना अजून रंग नव्हता. मग मात्र रोज काहीतरी नवं. श्रेणिक सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आधी मागं जायचा. कुठं काळी नक्षी, कुठं केशरी कड. आणि एक-दोन भांड्यांत कमरेपासून शेपटीपर्यंत मोरपंखासारखा गर्द हिरवा-निळा रंग चढत चालला होता. डास खायला हौदात टाकलेल्या माशांच्या अंगात हे इतके दिवस पडून होतं, या विचारानं तो चकित व्हायचा.

आणि इथंच त्याच्या हातून चूक झाली.

अण्णासाहेब नावाचे एक बडे गृहस्थ अंबड रस्त्यावर नवं मंगल कार्यालय उघडत होते. दारातच सहा फुटांची टाकी बसवली होती आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन. घाऊक व्यापाऱ्याकडचा माल श्रेणिकनं बंद केला होता, त्यामुळे दुकानात डोळ्यांत भरेल असं काही नव्हतं. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी दुसरीकडे गेली होती. अण्णासाहेब टाक्या बघत बघत मागच्या खोलीत शिरले आणि मोरपंखी मासोळ्यांपुढं थबकले. हेच हवेत, म्हणाले. श्रेणिकनं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा मागितले. तेव्हा त्याच्या मनानं चटचट हिशेब मांडला. रंग तर आता दिसलेत. बघण्याचं काम झालंय. फोटो कनिकाकडे आहेतच. या मासोळ्यांचा पैदाशीला तसाही उपयोग नाही. एवढ्या मोठ्या टाकीला थोड्या पुरणार नाहीत म्हणून त्यानं जाळी घेतली आणि चोवीसच्या चोवीस एका पिशवीत सोडल्या.

शनिवारी त्यानं हे केलं. रविवारी सकाळी कनिका आणि उषाबाई दोघी आल्या. उषाबाईंनी रंग चढल्यापासून एकदाही मासोळ्या पाहिल्या नव्हत्या, घरी पाहुणे होते म्हणून राहून गेलं होतं. त्या लगबगीनं मागं गेल्या. पहिल्या भांड्यात वाकल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सहाही भांडी पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेल्या का?"

श्रेणिकनं काय केलं ते सांगितलं. फोटो आहेत ना, असं कनिकाकडे बघून म्हणाला. कनिका म्हणाली, दोनच भांड्यांचे आहेत, तेही नीट रंग चढायच्या आधीचे. मग त्याला कळलं की आपण काय केलं. कोणता रंग कोणत्या आईचा, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कोण कोणत्या भांड्यात आहे. मोरपंखी कोणाच्या लेकी होत्या हे त्याला स्वतःलाही छातीठोक सांगता येईना. वाकडीचं भांडं की शांताचं, त्यानं चिठ्ठीकडे कधी पाहिलंच नव्हतं, नुसता रंग पाहिला होता.

उषाबाई रागावल्या नाहीत, निदान तोंडानं नाही. त्या पाटावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कळ्यांचे दोरे सोडून टाकावेत तसं केलं, शेठ." मग विचारलं, "कुठं हायेत त्या?"

मंगल कार्यालयात उद्घाटनाची जेवणं आटोपत आली होती. मांडवाखाली पंक्ती उठत होत्या. अण्णासाहेबांनी श्रेणिकचं स्वागत केलं, बरोबरच्या दोघींकडे प्रश्नार्थक पाहिलं आणि पाहुण्यांत गुंतले. टाकीत मासोळ्या लखलखत होत्या. लोक लेकरांना उचलून दाखवत होते. उषाबाईंनी आपल्या मासोळ्यांना रंगात पहिल्यांदा पाहिलं ते असं, दुसऱ्याच्या दारात, गर्दीच्या मागं उभं राहून. श्रेणिकला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पण त्यानं पाहिलंच, आणि तिथं दुःख नव्हतं. त्या ओठ मिटून बारकाईनं बघत होत्या.

पाच-सात मिनिटांनी त्यांनी काचेचा एक पेला मागितला आणि दारातल्या उजेडाला खुर्ची ओढून बसल्या. श्रेणिकनं जाळीनं एक मासोळी धरून पेल्यात सोडली. त्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला, फिरवला, खालून पाहिलं.

"ही लांबटची."

अंगावर तर काळी-पिवळी नक्षी होती. श्रेणिकनं विचारलं, कशावरून? त्या म्हणाल्या, रंगाकडे बघूच नका, रंग मला बी नवाच आहे. औषधानं रंग बदलला, मणका थोडाच बदलला? लांबटच्या घराण्यात पाठीवरचा पर जरा मागं असतो. पोटाळीच्या लेकींचा जबडा वर उचललेला. घारीच्या डोळ्याभोवती पांढरी रेघ. या लेकी राखाडी होत्या तेव्हा महिनाभर रोज सकाळी मी हेच बघत होते, दुसरं बघायला होतं तरी काय.

एकेक मासोळी पेल्यात येत गेली आणि एकेक नाव पडत गेलं. कनिका वहीत लिहीत होती आणि मधूनमधून फोन काढून काहीतरी बघत होती. हळूहळू भोवती माणसं जमली. अण्णासाहेबही येऊन मागं उभे राहिले. टाकीत आधीच सोडलेल्या मोठ्या माशांनी दोघींचा रात्रीतून फडशा पाडला होता, बावीस उरल्या होत्या. सगळ्यांत शेवटी मोरपंखी चौघी आल्या. उषाबाईंनी पहिलीला खूप वेळ पाहिलं.

"ही वाकडीची," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "तिला मी घेणारच नव्हते. शेपटीचं बूड तिरपं हाये तिचं. एक जागा रिकामी ऱ्हायलेली म्हणून आणली."

चारांतल्या तीन त्यांनी वाकडीच्या म्हणून सांगितल्या. चौथीपाशी थांबल्या. वाकडीची किंवा शांताची, म्हणाल्या, मला नक्की सांगता येत न्हाई. त्याआधीही दोघींबद्दल त्यांनी हेच सांगितलं होतं. जे दिसत नव्हतं ते दिसलं असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

सगळं झाल्यावर कनिकानं फोन उघडला. बुटकी आणि घारी यांच्या ज्या लेकींचे फोटो तिच्याकडे होते त्यांतल्या सात टाकीत सापडल्या होत्या. अर्धवट उमटलेले ठिपके, कडा, सगळं तिनं ताडून पाहिलं. उषाबाईंनी सांगितलेली सातही नावं बरोबर होती. कनिकानं फोन श्रेणिकच्या हातात दिला आणि ती उषाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

श्रेणिक अण्णासाहेबांकडे वळला. "अण्णासाहेब, हा रंग औषधाचा आहे," तो म्हणाला. "महिन्या-दीड महिन्यात उतरेल. मला माहीत होतं आणि मी काल तुम्हाला सांगितलं नाही."

हे त्याला जमलेल्या माणसांसमोर बोलावं लागलं. अण्णासाहेबांना ते आवडलं नाही. मासोळ्या घेऊन जा म्हणाले, आणि नंतर त्यांनी टाकीत दुसऱ्या दुकानातले गोल्डफिश आणून सोडले. श्रेणिकचं ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. घरी त्यानं आईलाही सगळं सांगितलं. तारादेवींनी, दोन मासोळ्या मेल्या ना, एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या उषाबाईंसाठी डब्यात शंकरपाळे देऊन गेल्या.

पुढचं काम आष्टीतलं. वाकडीच्या ज्या सहा लेकींना औषध दिलं नव्हतं त्यांना उषाबाईंनी मोसंबीखालच्या टाक्यांत निवडलेल्या नरांपाशी सोडलं. पावसाळ्यात पहिले लेक रंगात आले. शंभरात नऊ-दहांच्या कमरेवर मोरपंखी झाक होती. त्या नऊ-दहांना पुन्हा वाकडीच्याच नातींकडे दिलं. वाईट दिवसही आले. एकदा भुजंगनं फवारणीचा पंप टाकीजवळ धुतला आणि एका सकाळी सत्तर मासे तरंगताना सापडले. दोन दिवस उषाबाई जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेल्या टाक्यांतून निवड करून त्या पुन्हा सुरुवातीला लागल्या, आणि भुजंगनं स्वतः टाक्यांभोवती पत्रे ठोकून दिले.

पुढच्या दिवाळीला श्रेणिक पहिल्यांदा आष्टीला गेला. उषाबाईंनी त्याला शेवटच्या टाकीपाशी नेलं. दुपारचं ऊन पानांतून पाण्यात उतरत होतं आणि खाली चाळीस-पन्नास नर फिरत होते. मागचं अर्धं अंग गर्द मोरपंखी, शेपटी पसरली की तिच्या कडेला केशराची काडी फिरवल्यासारखी रेघ. अंगानं भरदार, दिवाळीच्या त्या मालाच्या दुप्पट. यांच्या आईनं किंवा आजीनं औषधाचा कणही खाल्ला नव्हता. हा रंग उतरणार नव्हता.

श्रेणिक बराच वेळ टाकीच्या काठावर बसून राहिला. शेवटी म्हणाला, "उषाबाई, मी सहा वर्षं मासे विकतोय. मासा बघतोय आत्ता."

त्या हसल्या. "रंग बघू नका म्हणलं होतं ना," म्हणाल्या. "पाठ बघा. सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्यात."

उरलेलं औषध त्यांनी केव्हाच कनिकाला परत न्यायला लावलं होतं. आता कशाला ठेवायचं, दिसायचं ते दिसलं, असं म्हणून. त्या हिवाळ्यात नांदेडहून आणि नागपूरहून माणसं मासे मागायला यायला लागली. श्रेणिकच्या दुकानात टाकीवर चिठ्ठी असायची, आष्टीच्या उषाबाईंचे मासे, आणि कुणी विचारलं की तो हातातलं काम सोडून गोष्ट सुरू करायचा. आपली चूकही तो गाळत नसे.

फेब्रुवारीत कनिकाच्या सरांनी उषाबाईंना विद्यार्थ्यांशी बोलायला बोलावलं. श्रेणिक त्यांना घेऊन उदगीरला गेला. त्या व्यासपीठावर चढल्या नाहीत, पहिल्या बाकाशी उभं राहूनच बोलल्या. कपाशीचं सांगितलं, मासोळ्यांचं सांगितलं, नक्की सांगता न आलेल्या तीन नावांचं आपणहून सांगितलं. त्यातली एक मासोळी पुढं शांताची ठरली होती. एका मुलानं विचारलं, एवढं सगळं लक्षात कसं राहतं? त्या म्हणाल्या, लक्षात ठेवावं लागत नाही, रोज बघितलं की ओळख होते.

मग कनिकानं त्यांना प्रयोगशाळा दाखवली आणि मोरपंखी नराच्या शेपटीचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिला. उषाबाईंनी चष्मा काढला आणि नळीला डोळा लावला. निळं, काळं, पिवळं, कणाकणानं मांडलेलं, एकावर एक थर. मुलं-मुली जेवायला गेली. सर आले, थोडा वेळ थांबले आणि परत गेले. जालन्याच्या बसची वेळ होत आली. श्रेणिक त्यांची पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. घड्याळ बघून त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग पिशवी हळूच खाली ठेवून तो बाहेरच्या बाकावर बसला. पुढची बस चारला होती.